विद्यापीठ-प्रवेशांची माहिती व व्यापारी गोपनीयता

विद्यापीठाकडे किती अर्ज आले, अर्जदारांची गुणवत्ता काय होती, निवडीच्या कोणत्या निकषाला किती वजन देण्यात आले आणि अखेरीस कोणाला प्रवेश मिळाला, ह्यासंबंधीच्या नोंदी लोकांना पाहता याव्यात की त्या संस्थेचे व्यापारी गुपित मानून राखून ठेवाव्यात, हा वाद प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खाजगी विद्यापीठांच्या संदर्भात उद्‌भवला. ह्या वादात दोन निराळी गुपिते एकमेकांत मिसळलेली आढळतात. अर्जदाराचे नाव, त्याचे गुण, त्याच्या घरची परिस्थिती हे त्याचे स्वतःचे गुपित होय. संस्था कोणत्या गुणास किती महत्त्व देते, हे संस्थेचे गुपित होय. पहिल्याच्या रक्षणाविषयी फारसा मतभेद नाही. तथापि विद्यापीठांनी अनेकदा पहिल्याच्या आडोशाने दुसऱ्याचेही रक्षण केले.

ह्या गुप्ततेचा उगम निवडीच्या पद्धतीतील बदलात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्व्हर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश-परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास सामान्यतः प्रवेश मिळत असे. साहजिकच लपविण्यासारखे काही नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर तेथे ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढून एक-पंचमांशाहून अधिक झाले, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल ह्यांनी १९२२ मध्ये त्यावर मर्यादा घालण्याचा उघड प्रस्ताव मांडला. तो अध्यापकवर्गाला मान्य झाला नाही. पुढे १९२६ मध्ये प्रथम वर्षाची संख्या १,००० वर मर्यादित करण्यात आली व निवडीत ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व ह्यांना महत्त्व देण्यात आले. अर्जासोबत छायाचित्रही मागविले जाऊ लागले. ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण त्यानंतर घटले. उघड कोट्याला जे साधले नाही, ते न मोजता येणाऱ्या निकषाने साधले. असा निकष वापरणाऱ्या संस्थेला आपल्या नोंदी इतरांना दाखविणे अडचणीचे वाटावे, ह्यात नवल नाही. अर्थात पुढील काळात ह्याच पद्धतीचा उपयोग ग्रामीण, गरीब व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना संधी देण्यासाठीही झाला, हेही नमूद केले पाहिजे.

माहितीच्या स्वातंत्र्याचा संघराज्यीय अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. तो सरकारी खात्यांना लागू आहे, खाजगी विद्यापीठांना नाही. परंतु सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांवर १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमान्वये वंशभेद न करण्याचे बंधन असल्यामुळे, चौकशीच्या वेळी त्यांना आपली कागदपत्रे शिक्षण खात्याकडे द्यावी लागतात. ती सरकारच्या हाती आली की कोणाही नागरिकास त्यांची मागणी करता येते. येथे ह्या अधिनियमातील चौथा अपवाद उपस्थित होतो. व्यापारी गुपिते आणि गोपनीय स्वरूपाची व्यापारी वा आर्थिक माहिती उघड करण्यापासून तो सूट देतो.

नफा न कमावणाऱ्या विद्यापीठाची माहिती ‘व्यापारी’ कशी, हा मूळ प्रश्न आहे. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने १९७४ मध्ये आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याविरुद्धच्या एका दाव्यात, धंदा न करणाऱ्या शास्त्रज्ञाचा संशोधन-आराखडा ही व्यापारी माहिती नव्हे, असा निर्णय दिला. आपली कल्पना दुसऱ्याने उचलली तर त्या शास्त्रज्ञाचे नुकसान होईल, परंतु ते व्यापारातील नुकसान नव्हे, असे ह्या निर्णयाचे तात्पर्य होते. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, माहिती उघड झाल्याने स्पर्धेत भरीव हानी होण्याचा संभव दाखविला पाहिजे, अशी कसोटी घालून दिली. ती सु. ४५ वर्षे टिकली. साउथ डकोटातील आर्गस लीडर ह्या वृत्तपत्राच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. माहिती धारकाकडून नेहमी गुप्त ठेवली जात असेल आणि गुप्ततेच्या हमीवर सरकारला दिली असेल, तर ती गोपनीय मानण्यास पुरेशी आहे, असे न्यायालयाने ठरविले. वाद अन्नसाहाय्याच्या दुकानवार रकमांचा होता. पण ह्या निर्णयाने गुप्तता राखण्याचा दावा करणाऱ्या सर्वांचेच काम सोपे झाले. लपविण्याची सवय हाच लपविण्याचा आधार ठरू लागला.

प्रिन्स्टन विद्यापीठाचा वाद ह्यापूर्वीचा आहे. आशियाई वंशाच्या अर्जदारांबाबत भेदभाव होतो, ह्या २००६ मधील तक्रारीनंतर शिक्षण खात्याने तेथे चौकशी केली व सप्टेंबर २०१५ मध्ये भेदभावाचा पुरावा नसल्याचे सांगून ती बंद केली. वांशिक प्राधान्याला विरोध करणाऱ्या ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ ह्या संस्थेने त्या चौकशीची कागदपत्रे मागितली. ती दिली जाऊ नयेत म्हणून प्रिन्स्टनने मार्च २०१७ मध्ये खुद्द शिक्षण खात्यावरच दावा लावला. निवडीची पद्धत उघड झाल्यास प्रतिस्पर्धी विद्यापीठांना तिचा लाभ मिळेल, असे म्हणून विद्यापीठाने चौथ्या अपवादाचा आधार घेतला. ज्या कागदपत्रांमुळे विद्यापीठ निर्दोष ठरले, तीच लोकांनी पाहू नयेत असा आग्रह विद्यापीठाने धरावा, ही विसंगती लक्षणीय आहे.

ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हार्व्हर्डचे होय. १९९० मध्ये शिक्षण खात्याने तेथील प्रवेशांची चौकशी पूर्ण केली होती. आशियाई अर्जदारांचे यश गोऱ्यांपेक्षा कमी असण्याचे कारण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना व खेळाडूंना मिळणारे प्राधान्य हे आहे, भेदभाव नव्हे, असा तिचा निष्कर्ष होता. त्यानंतर सु. पाव शतक आकड्यांवर पडदाच राहिला. उपर्युक्त संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये बॉस्टन येथील संघराज्यीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला आणि न्यायालयाच्या आदेशाने हार्व्हर्डला सहा वर्षांच्या दीड लाखाहून अधिक अर्जदारांच्या नोंदी प्रतिपक्षास द्याव्या लागल्या. मात्र त्या गोपनीयतेच्या आदेशाखाली दिलेल्या होत्या. वकील व तज्ज्ञ त्या पाहू शकत, लोक पाहू शकत नसत.

खटला निर्णायक टप्प्यास आला तेव्हा ह्या पडद्याचा प्रश्न तीव्र झाला. पद्धत जगजाहीर झाल्यास व्यावसायिक सल्लागार श्रीमंत अर्जदारांना तिच्या साच्यात बसवतील आणि इतर विद्यापीठांच्या तुलनेत आपली हानी होईल, असे हार्व्हर्डचे म्हणणे होते. ह्यातील पहिली भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण सल्लागारांचा धंदा तेथे खरोखरच मोठा आहे. तथापि ज्यांच्यापाशी सल्लागाराला देण्यास पैसा आहे, त्यांना पद्धतीचा पुष्कळसा अंदाज आधीच असतो. अंधारात राहतो तो इतर. एप्रिल २०१८ मध्ये न्याय खात्याने माहिती खुली करण्याच्या बाजूने निवेदन दिले. न्यायाधीश ॲलिसन बरोज ह्यांनी व्यक्तींची ओळख पटविणारा मजकूर खोडून उरलेली बरीचशी कागदपत्रे सार्वजनिक करण्यास लावले. दोन गुपिते वेगळी करता येतात, हे ह्या कृतीने दिसून आले.

१५ जून २०१८ रोजी ही कागदपत्रे उघड झाली. विद्यापीठाच्याच संशोधन कार्यालयाने २०१३ मध्ये केलेल्या एका अंतर्गत अभ्यासानुसार, केवळ अभ्यासातील गुणवत्ता पाहिली असती तर प्रवेश मिळालेल्यांत आशियाई वंशीयांचे प्रमाण सु. ४३ टक्के झाले असते. प्रत्यक्षात ते सु. १९ टक्के होते. हा अभ्यास प्राथमिक व अपुरा होता, असे विद्यापीठाने सांगितले. ‘व्यक्तिमत्त्वा’च्या गुणांकनात प्रवेश कार्यालय आशियाई अर्जदारांना सरासरीने कमी गुण देते, हेही निदर्शनास आले. १९२६ च्या निकषाची आठवण अनेकांना झाली. त्याचबरोबर वादीला अभिप्रेत नसलेली गोष्टही बाहेर आली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सु. ३४ टक्क्यांना प्रवेश मिळत होता, तर इतरांत हे प्रमाण सु. ६ टक्के होते. वादीचे तज्ज्ञ पीटर आर्सिडिआकोनो व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की प्रवेश मिळालेल्या गोऱ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अधिष्ठात्याच्या विशेष यादीतील अर्जदार किंवा अध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले ह्या गटांत मोडत होते.

जिल्हा न्यायालयाने २०१९ मध्ये व अपील न्यायालयाने २०२० मध्ये हार्व्हर्डच्या बाजूने निकाल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. एकाच माहितीवरून एका पक्षाने वांशिक प्राधान्य बंद करविले, तर दुसऱ्याने वारसा-प्राधान्याविरुद्ध मोहीम उभारली. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खाजगी विद्यापीठांतही असे प्राधान्य देण्यास सप्टेंबर २०२५ पासून मनाई केली. स्पर्धेतील हानीच्या भाकिताचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २०१८ मध्ये हार्व्हर्डकडे ४२,७४९ अर्ज आले होते, २०२१ मध्ये ते ५७,४३५ झाले. ही वाढ मुख्यतः महासाथीच्या काळात चाचणीचे गुण ऐच्छिक केल्यामुळे झाली हे खरे, परंतु उघडकीमुळे अर्जदार दूर गेल्याचे काही चिन्ह दिसले नाही.

संस्थेच्या नोंदी गुप्त राखल्या जात असता अर्जदाराची माहिती मात्र बाजारात विकली जाते, ही ह्या विषयाची दुसरी बाजू होय. ‘एसएटी’ ही चाचणी घेणारे कॉलेज बोर्ड विद्यार्थ्यांची नावे विद्यापीठांना विकत असे. २०१९ मध्ये एका नावाचा दर ४७ सेंट असल्याचे प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी ह्याबाबत केलेल्या कारवाईत बोर्डाने फेब्रुवारी २०२४ मध्ये साडेसात लाख डॉलर भरण्याचे मान्य केले.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी शिक्षण खात्यास विद्यापीठांकडून प्रवेशांची वंशनिहाय तपशीलवार आकडेवारी गोळा करण्याचा आदेश दिला. आता मागणी करणारे नागरिक नसून सरकार आहे, आणि लहान गटांच्या आकड्यांवरून एखाद्या विद्यार्थ्याची ओळख पटण्याचा धोका, म्हणजे पहिले गुपित, पुन्हा चर्चेत आले आहे.

भारतात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे, कारण बहुतेक मोठी विद्यापीठे सार्वजनिक प्राधिकरणे आहेत व निवड मुख्यतः परीक्षेच्या गुणांवर होते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८ (१) (घ) व्यापारी विश्वास, व्यापारी गुपिते व बौद्धिक संपदा ह्यांना संरक्षण देते, पण व्यापक लोकहितासाठी ती उघड करण्याचीही तरतूद त्यातच आहे. येथील झगडा निकषांच्या वजनाविषयी नसून उत्तरपत्रिका व गुण ह्यांविषयी झाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. २०१८ मध्ये मात्र संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील मूळ गुण यांत्रिकपणे उघड करण्याचा आदेश देता येणार नाही, असे म्हटले.