स्ट्रीमिंग चित्रफितींचे जतन आणि स्थानिक इतिहास : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. बखरी, दप्तरे, शिलालेख आणि पोर्तुगीज कागदपत्रे ही वसईच्या इतिहासाची परिचित साधने होत. गेल्या दोन दशकांत त्यांत चित्रफितींची भर पडली. तथापि, इंटरनेटवर स्ट्रीमिंग पद्धतीने पाहिली जाणारी चित्रफीत प्रेक्षकाच्या हाती राहत नाही. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते व केव्हाही नाहीशी होऊ शकते. अशा चित्रफिती उतरवून घेणाऱ्या कमांड लाइन साधनांचा विकास आणि स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता व मर्यादा यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

साधनांचा विकास

१९९५ मध्ये रिअलऑडिओमुळे इंटरनेटवरून ध्वनी प्रवाही स्वरूपात ऐकणे शक्य झाले. २००० मध्ये फाब्रिस बेलार यांनी एफएफएमपेग हा मुक्त प्रकल्प सुरू केला. यूट्यूब २००५ मध्ये आले. पुढील वर्षी रिकार्डो गार्सिया यांनी यूट्यूब-डीएल हे साधन लिहिले. त्यांच्या घरी तेव्हा मंदगती डायल-अप जोडणी होती. म्हणजेच या साधनाचा उगम चित्रफीत सलग पाहता न येण्याच्या साध्या अडचणीत आहे.

२००९ मध्ये ॲपलने एचएलएस पद्धत आणली. तीत चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि त्यांचा क्रम एका यादीत नोंदवला जातो. ब्राउझर ती यादी वाचून एकेक तुकडा मागवतो. कमांड लाइन साधन हेच करते : पानातून यादीचा पत्ता शोधते, हवी ती प्रत निवडते, तुकडे उतरवते आणि एफएफएमपेगच्या साहाय्याने ते जोडते. पत्त्यांची एक फाइल दिल्यास शेकडो चित्रफितींवर हे काम एकाच आज्ञेने होते. त्याबरोबर शीर्षक, प्रकाशनाची तारीख, वाहिनीचे नाव व वर्णन वेगळ्या फाइलीत नोंदवता येते. अभ्यासकाला ही नोंद चित्रफितीइतकीच मोलाची आहे. उगम ठाऊक नसलेला कागद जसा पुराव्याला अपुरा, तशीच नोंदीविना राहिलेली चित्रफीत.

२३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेच्या तक्रारीवरून गिटहबने यूट्यूब-डीएल हटवले. १६ नोव्हेंबरला ते पूर्ववत करण्यात आले. २०२१ पासून त्याचीच शाखा असलेले वायटी-डीएलपी अधिक प्रचलित झाले.

वसईचा संदर्भ

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. त्या मोहिमेची हकिकत पत्रव्यवहारातून उभी करता येते. याच भूमीतील सामवेदी (कादोडी) आणि वाडवळी बोलींची परंपरा मात्र प्रामुख्याने मौखिक आहे. लग्नातील गाणी, शेतीवाडीचे शब्द, वृद्धांच्या आठवणी यांचे मूळ रूप उच्चारात असते. लिप्यंतरात ते पुरते उतरत नाही. अशा सामग्रीसाठी चित्रफीत हे दुय्यम नव्हे, तर प्राथमिक साधन ठरते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली व तीत गावे समाविष्ट करण्यास ग्रामस्थांचा विरोध झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला. या अलीकडच्या कालखंडाचा अभ्यास करताना कागदाबरोबर चित्रफितींचाही आधार घ्यावा लागेल.

विलंबाची किंमत मराठी माणसास ठाऊक आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला, तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले. तोवर बहुसंख्य मूकपट नष्ट झाले होते. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा ग्रामीण कलावंतांच्या असंख्य चित्रफिती भारतीय प्रेक्षकांच्या दृष्टीआड गेल्या. ज्यांनी प्रती ठेवल्या होत्या, त्यांच्याकडेच त्या उरल्या.

कायद्याची मर्यादा

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खासगी वापरासाठी उचित व्यवहाराची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची सवलत दिली; परंतु ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगरडिजिटल प्रत आधीपासून असावी, अशी अट आहे. मुळात इंटरनेटवरच जन्मलेल्या चित्रफितीला अशी प्रत नसते. परिणामी व्यक्तिगत अभ्यासकाला काही वाव आहे, तर टिकाऊ संग्रह करू शकणारी संस्था या सवलतीबाहेर राहते. त्याच दुरुस्तीतील कलम ६५-ए नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे हा गुन्हा आहे. याखेरीज संकेतस्थळांच्या सेवाशर्तीही अनेकदा उतरवून घेण्यास मनाई करतात.

निष्कर्ष

कमांड लाइन साधनांमुळे जतनाचा तांत्रिक प्रश्न बहुतांशी सुटला आहे. संस्थात्मक प्रश्न सुटलेला नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी स्थानिक चित्रफितींच्या निर्मात्यांकडून लेखी संमती घ्यावी, शक्य तेथे मूळ फाइलच मागावी व अन्यथा संमतीनुसार प्रत उतरवावी. प्रत्येक प्रतीसोबत पत्ता, तारीख, बोली आणि वक्त्याचे गाव यांची नोंद असावी आणि प्रती दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात. बोली जाणणाऱ्या वृद्धांची पिढी हयात आहे तोवर या चित्रफितींतील शब्दांचे अर्थ पडताळता येतील. नंतर प्रती सापडल्या, तरी त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरणार नाही.