चंद्रकलांवर ठरलेल्या निविदा

#थ्रेड #इतिहास

१/ ६ फेब्रुवारी १९६१. अमेरिकेतील बड्या वीजसाहित्य कंपन्यांचे अधिकारी शिक्षा ऐकण्यासाठी फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात उभे होते. समाजात मान असलेली, कुटुंबवत्सल माणसे. त्यांपैकी सात जणांना ३० दिवसांचा तुरुंगवास झाला. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांसह २९ कंपन्या दोषी ठरल्या. एकूण दंड १९ लाख डॉलरांहून अधिक.

२/ प्रकरणाला तोंड फुटले ते टेनेसी खोऱ्यात. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही १९३३ साली स्थापन झालेली सरकारी वीजसंस्था (आपले दामोदर खोरे महामंडळ हिच्याच धर्तीवर उभे राहिले). मोहोरबंद निविदा उघडाव्यात, तर वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव शेवटच्या सेंटपर्यंत तंतोतंत सारखे! १९५९ मध्ये संस्थेने हे जाहीर केले आणि नॉक्सव्हिलच्या एका वृत्तपत्राने ते छापले. त्याच वर्षी एका मोठ्या टर्बाइनचे काम इंग्लंडच्या पार्सन्स कंपनीला मिळाले होते. तिचा भाव सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर, तर अमेरिकन कंपन्यांचा पावणेदोन कोटींच्या घरात. जास्तीचा पैसा अखेर कुणाच्या वीजबिलातून जाणार होता, हे वेगळे सांगायला नको.

३/ कटाची रीत कादंबरीत शोभेल अशी होती. प्रत्येक कंपनीला एक आकडा. फोनवर नावाऐवजी तोच उच्चारायचा. पत्रे घरच्या पत्त्यावर, साध्या लिफाफ्यातून. हजर राहणाऱ्यांच्या यादीला ‘नाताळच्या शुभेच्छापत्रांची यादी’ म्हणत, तर बैठकीला ‘भजनाची तालीम’. हॉटेलात उतरले तरी न्याहारीला एकत्र बसायचे नाही.

४/ स्विचगिअरच्या सरकारी निविदांसाठी तर एक तक्ताच होता. त्याचे नाव ‘चंद्राच्या कला’. साधारण दर पंधरवड्याने पाळी बदले. या खेपेस कमी भाव कुणी भरायचा आणि बाकीच्यांनी त्याहून किती चढा, हे तक्ता पाहून समजे. कामाची टक्केवारीही वाटलेली होती : जनरल इलेक्ट्रिक ३९, वेस्टिंगहाउस ३५, उरलेले तीन धाकट्या कंपन्यांना. हे सरकारला कळले कसे? एका धाकट्या कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने मदतनिसाला काम शिकवता यावे म्हणून सारे कागद जपून ठेवले होते. कटातही टापटीप नडते ती अशी.

५/ आपल्याकडे ठेकेदारांच्या बोलीत अशा संगनमताला ‘रिंग’ म्हणतात. पण तिचा आकार खरोखर कड्यासारखा असतो का? हा प्रश्न गंभीरपणे विचारला वेन बेकर आणि रॉबर्ट फॉकनर या समाजशास्त्रज्ञांनी, १९९३ साली, ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मधील निबंधात.

६/ त्यांची पद्धत सांगायला सोपी, करायला किचकट. १९६१ मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढे अनेकांनी शपथेवर साक्षी दिल्या होत्या. त्या वाचून कोण कुणाशी भावाबद्दल प्रत्यक्ष बोलला, याची नोंद करायची. प्रत्येक माणूस म्हणजे एक बिंदू, प्रत्येक संपर्क म्हणजे एक रेघ. स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर आणि टर्बाइन अशा तीन कटांची तीन जाळी त्यांनी पुन्हा उभी केली. जुन्या दप्तरांतून इतिहास लिहिणाऱ्यांना यातले कष्ट उमगतील.

७/ आता खरी गंमत. १९५०च्या सुमारास प्रयोगशाळांत छोट्या गटांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले होते की, साधे काम असेल तर सारी माहिती एका मध्यवर्ती माणसाकडे गेलेली बरी. गुंतागुंतीचे असेल तर सर्वांनी परस्परांशी बोललेले बरे. कटांत नेमके उलटे निघाले. स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मर ही तुलनेने ठरावीक साच्याची उत्पादने. त्यांची जाळी विखुरलेली. टर्बाइन प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे घडवावे लागे. त्याचे जाळे मात्र केंद्राभोवती आवळलेले.

८/ बेकर-फॉकनर यांचे उत्तर असे की, कायदेशीर धंद्यात कार्यक्षमता आधी पाहतात, कटात लपणे आधी. काम साध्या सूत्रावर चालत असेल, तर माणसांनी एकमेकांपासून दूर राहिलेलेच बरे. टर्बाइनसारख्या कामात ही सोय नव्हती. प्रत्येक निविदेची आकडेमोड नव्याने, समोरासमोर बसून करावी लागे. लपण्याची इच्छा तिथेही होती, पण मालाने ती पुरी होऊ दिली नाही.

९/ आणि शिक्षा? ज्याचे थेट संपर्क अधिक, तो दोषी ठरण्याची शक्यता अधिक. कारण उघड आहे. प्रत्येक रेघेच्या दुसऱ्या टोकाला एक संभाव्य साक्षीदार बसलेला असतो.

१०/ या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे, आणि मला ती निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते. जनरल इलेक्ट्रिकचे अध्यक्ष राल्फ कॉर्डिनर यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. न्यायाधीश गॅनी यांनी निकाल देताना खरा दोष कंपन्यांचा आणि त्यांचे धोरण ठरवणाऱ्यांचा असल्याचे सुनावले. परंतु सर्वोच्च पदांवरील लोकांविरुद्ध न्यायालयात टिकेल असा पुरावा सरकारला मिळाला नव्हता. ‘मी बोललो’ असे कुणी शपथेवर सांगितले तरच नकाशावर रेघ उमटते. वरून आलेला विक्रीवाढीचा तगादा, किंवा सोयीस्कर मौन, यांच्यासाठी त्यात रेघ नाही.