बी-पेशीतला ‘बी’ कुठून आला? (थ्रेड)

१/
१९५० च्या आसपासची गोष्ट. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ८ वर्षांचा एक मुलगा पुन्हापुन्हा दाखल होत असे. ४ वर्षांत १९ वेळा त्याला गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. प्रतिजैविकांनी तो बरा होई, घरी जाई आणि पुन्हा तापाने फणफणून परत येई.

२/
बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांना एक कोडे पडले. न्यूमोकॉकस हा जंतू ज्याच्या रक्तात इतक्यांदा सापडला, त्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असायलाच हवीत. ती नव्हती. ब्रुटन यांनी न्यूमोकॉकसची लस टोचून पाहिली. तरीही ती तयार झाली नाहीत.

३/
त्या सुमारास रुग्णालयांत इलेक्ट्रोफोरेसिसचे तंत्र येऊ लागले होते. विजेच्या प्रवाहात रक्तातील प्रथिने वेगवेगळी करण्याची ही पद्धत स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विकसित केली. १९३९ मध्ये त्यांनी आणि एल्विन कॅबाट यांनी दाखवले, की प्रतिपिंडे ‘गॅमा ग्लोब्युलिन’ या गटात असतात. या मुलाच्या रक्तात नेमका तोच गट आढळला नाही.

४/
उपाय महायुद्धाने तयार ठेवला होता. हार्वर्डमध्ये एडविन कोह्न यांनी सैनिकांसाठी रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याची रीत बसवली होती. गॅमा ग्लोब्युलिन त्यातूनच मिळे. ब्रुटन यांनी ते मुलाला दरमहा टोचायला सुरुवात केली आणि संसर्गांची ती मालिका थांबली. १९५२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

५/
हा आजार १९५२ मध्ये जन्मला नव्हता. त्यापूर्वीही अशी मुले होतीच. पण ती पहिल्या-दुसऱ्या न्यूमोनियातच दगावत आणि मृत्यूच्या नोंदीत फक्त ‘न्यूमोनिया’ उरे. प्रतिजैविकांनी मुलाला जगवले, तेव्हाच तो पुन्हापुन्हा आजारी का पडतो हा प्रश्न विचारता आला. एक औषध आले आणि त्यामागे दडलेला आजार दिसू लागला.

६/
प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशी वाढतात कुठे, हे मात्र अजून अज्ञात होते. उत्तराचा धागा कोंबड्यांच्या खुराड्यात होता. पक्ष्यांच्या शेपटीकडील भागात, आतड्याच्या टोकाशी एक लहान पिशवी असते. पादुआचे शरीररचनाकार फॅब्रिशियस यांनी केलेले तिचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये छापले गेले. म्हणून तिला ‘फॅब्रिशियसचा बर्सा’ म्हणतात. तिचे कार्य तीन शतके कोणालाच उमगले नाही.

७/
१९५० च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठातील विद्यार्थी ब्रूस ग्लिक यांनी कोंबड्यांच्या पिल्लांचा बर्सा काढून पाहिला. वाढीत ठळक फरक दिसला नाही. पुढे टिमोथी चँग या सहाध्यायाने वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी त्यांतल्याच कोंबड्या नेल्या आणि त्यांना साल्मोनेला टोचला. प्रात्यक्षिक फसले. प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत.

८/
फसलेल्या प्रयोगाचा अर्थ या दोघांनी ओळखला. ‘सायन्स’ने त्यांचा लेख नाकारला. अखेर १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला. वैद्यकातल्या फारच थोड्यांच्या वाचनात ते नियतकालिक येत असे.

९/
मिनेसोटात रॉबर्ट गुड आणि मॅक्स कूपर प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांवर उपचार करत होते. त्यांनी कोंबड्यांचा धागा पुन्हा हाती घेतला. १९६५ मध्ये त्यांनी दाखवले, की प्रतिकारशक्तीच्या शाखा दोन आहेत. एक थायमस ग्रंथीत घडते, दुसरी बर्सात. बर्सा गमावलेली कोंबडी आणि ब्रुटन यांचा रुग्ण, दोघांतही दुसरी शाखाच हरवलेली होती.

१०/
थायमसवरून टी-पेशी आणि बर्सावरून बी-पेशी ही नावे रूढ झाली. माणसाला बर्सा नसतो. आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत घडतात, हे पुढे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. नाव मात्र कोंबडीकडूनच आले.

११/
मूळ दोष १९९३ मध्ये सापडला. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात बिघाड असतो. हे जनुक जे विकर बनवते, त्याला आज ‘ब्रुटनचे टायरोसिन कायनेज’ म्हणतात. अस्थिमज्जेतील अपक्व बी-पेशीला ‘पुढे वाढ’ हा संदेश पोहोचण्यासाठी ते लागते. ते नसेल तर पेशीची वाढ तिथेच अडते. रक्तात बी-पेशी जवळजवळ नसतात, टॉन्सिल नाममात्र असतात आणि लस देऊनही प्रतिपिंडे बनत नाहीत.

१२/
दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार जवळपास मुलग्यांनाच होतो; वाहक आई स्वतः निरोगी असते. गर्भात आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाला पहिले काही महिने सांभाळतात. ती संपत आली, की कानाचे, सायनसचे, फुप्फुसांचे संसर्ग सुरू होतात. वेळीच रक्ततपासणी झाली नाही, तर फुप्फुसांची कायमची हानी होते. तोंडावाटे देण्याची जिवंत पोलिओ लसही अशा मुलांना धोक्याची ठरते.

१३/
उपचार तत्त्वतः आजही ब्रुटन यांचाच आहे : बाहेरून प्रतिपिंडे देत राहणे, जन्मभर. ती कारखान्यात शून्यातून तयार होत नाहीत. हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून ती वेगळी काढली जातात. ज्या मुलाचे शरीर स्वतःची ढाल घडवू शकत नाही, तो अशा अनोळखी माणसांनी अंगावर काढलेल्या आजारांच्या आणि घेतलेल्या लसींच्या आठवणींवर जगतो.

(समाप्त)