ओ दिसणारे, ओ नसलेले रक्त

३ मे १९५२च्या ‘लॅन्सेट’मध्ये पान ९०३वर एक छोटा लेख आहे. लेखक सात: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया हे मुंबईचे. रूथ सँगर, आर. आर. रेस, मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे लंडनचे. सँगर व रेस रक्तगटांच्या आनुवंशिकतेतले, मॉर्गन व वॉटकिन्स त्यांच्या रसायनातले जाणकार. म्हणजे मुंबईतल्या पेचाची दोन्ही अंगांनी फेरतपासणी झाली होती, हे नावांवरूनच दिसते.

पेच असा होता. तीन माणसांच्या तांबड्या पेशी अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्ही सीरमांत गुठळ्या धरत नव्हत्या. नियमाने गट ओ ठरला. पण त्यांच्याच सीरममध्ये ओ गटाच्या पेशी घातल्या, की लगेच गुठळ्या. जे रक्त कोणालाही चालते असे मानत, तेच यांना चालत नव्हते.

पुढचा धागा १९५५चा. फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले एक कुटुंब तपासले. आईच्या पेशींवर बी दिसत नव्हते, तरी अपत्याला बी तिच्याकडूनच मिळाले होते. जनुक होते, दबलेले होते. ए आणि बी ज्यावर रचले जातात तो एच हा पायाच अशा व्यक्तींत नसतो. फ्युकोज ही साखर पेशीवरच्या साखळीच्या टोकाला जोडणारे एन्झाइम निकामी असते. ओ गटात मात्र एच भरपूर असतो. म्हणून यांचे शरीर ओ रक्तालाही परके मानते.

जनुकाचा पुरावा मिळायला १९९०चे दशक उजाडले. जॉन लोव यांच्या प्रयोगशाळेने एफयूटी१ जनुक ओळखले आणि १९९४मध्ये त्यातले बिघाड दाखवले. नंतर भारतीय व्यक्तींत याच जनुकातला ७२५व्या जागेचा बदल आढळला. आई-वडील दोघांकडून निकामी प्रत आली, तरच हा गट दिसतो.

भाटिया आणि साठे यांनी १९७४मध्ये मुंबईत अशा व्यक्तींचे प्रमाण सुमारे ७,६०० जणांमागे एक असे नोंदवले. भिवंडीपुरता हिशेब करून पाहू. २०११च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूरची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांवर होती. मुंबईचे प्रमाण जसेच्या तसे लावले, तर शहरात अशी ९० च्या आसपास माणसे निघतील. मात्र यंत्रमागांच्या या गावात परप्रांतांतून आलेली वस्ती मोठी आहे. त्यामुळे हा आकडा अंदाजापुरताच धरावा.

पेशींबरोबर सीरमही ओ गटाच्या पेशी घालून तपासले, तर हा गट ओ म्हणून निसटत नाही. अँटी-एच चाचणीने शंका पुरी फिटते. असे रक्त ज्याचे निघेल, त्याने जवळच्या रक्तपेढीत नाव नोंदवावे आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. जुळणारा दाता घरातच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.