गुन्हेगाराचे मानसिक रेखाचित्र

घटनास्थळ, जखमांचे स्वरूप, बळी पडलेल्या व्यक्तीची दिनचर्या आणि गुन्ह्याची वेळ-जागा यांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वय, व्यवसाय, स्वभाव व राहण्याचा परिसर यांविषयी बांधलेला अंदाज. रूढ नाव ‘प्रोफाइलिंग’. त्यातून संशयितांची यादी आखूड व्हावी एवढीच अपेक्षा असते. गुन्हेगाराचे नाव त्यातून निघत नाही.

लंडनचे पोलीस-शल्यविशारद टॉमस बाँड यांनी 1888 मध्ये ‘जॅक द रिपर’विषयी असे टिपण केले. खुन्याला शरीररचनेचे ज्ञान खाटकाइतकेही नाही; तो ताकदवान, पण दिसायला निरुपद्रवी व नीटनेटका असावा, असे त्यांचे मत होते. खुनी सापडलाच नाही, त्यामुळे ते ताडून पाहता आले नाही.

या तंत्राचा बोलबाला झाला तो न्यूयॉर्कच्या ‘मॅड बॉम्बर’मुळे. 1940 पासून शहरात बॉम्ब ठेवणारा हा माणूस ‘कॉन एडिसन’ या वीज कंपनीवर दात धरून होता. 1956 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी त्याची पत्रे वाचून अंदाज सांगितला: मध्यमवयीन, अविवाहित, संशयविकाराने ग्रस्त, कामात नेटका, पकडाल तेव्हा अंगात दुहेरी बटणांचा कोट असेल, तोही बटणे लावलेला. जानेवारी 1957 मध्ये जॉर्ज मेटेस्की सापडला. पोलीस आले तेव्हा तो रात्रीच्या कपड्यांत होता; कपडे बदलून आला तो तसाच कोट घालून. कथा रंगतदार खरी, पण कोटाची गोष्ट गाजली ती मुख्यतः ब्रसेल यांच्याच 1968 च्या आठवणींमुळे. मेटेस्कीचा माग लागला तो कंपनीतील लिपिक ॲलिस केली यांनी नुकसानभरपाईच्या जुन्या फायली चाळल्यामुळे. वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रांत त्याने आपल्या 1931 च्या अपघाताची माहितीही दिली होती.

अमेरिकेच्या एफबीआयने 1972 मध्ये वर्तनशास्त्र विभाग स्थापला. रॉबर्ट रेसलर व जॉन डग्लस यांनी तुरुंगातील 36 खुन्यांच्या मुलाखतींच्या आधारे ‘संघटित’ व ‘असंघटित’ अशी विभागणी पुढे आणली. पहिला योजना आखून, हत्यार बरोबर घेऊन येतो. दुसरा हाती लागेल ते वापरतो आणि पुरावे मागे टाकतो. ही विभागणी सोपी असल्यानेच लोकप्रिय झाली असावी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 100 मालिका-खुन्यांच्या गुन्ह्यांवर ती तपासली, तेव्हा असे दोन वेगळे गट आढळले नाहीत.

कँटर यांचा स्वतःचा भर गुन्ह्यांच्या जागांवर होता. 1986 मध्ये लंडनच्या रेल्वे परिसरातील बलात्कार-खुनांच्या तपासात त्यांनी गुन्हेगाराच्या वस्तीचा अंदाज दिला. जॉन डफीचे नाव पोलिसांच्या यादीत आधीच होते, पण बरेच खाली. या अंदाजामुळे ते वर आले.

उलट 1992 च्या विम्बल्डन कॉमन खुनात पोलिसांना रेखाचित्राशी जुळणारा एक माणूस मिळाला आणि त्यांनी गुप्त महिला अधिकाऱ्याकरवी त्याच्याशी मैत्री करून कबुली काढण्याचा प्रयत्न केला. 1994 मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा फेटाळला व आरोपी सुटला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर याने दरम्यान, नोव्हेंबर 1993 मध्ये, एका आईचा व तिच्या चार वर्षांच्या मुलीचा जीव घेतला होता. विम्बल्डनच्या गुन्ह्याची कबुली त्याने 2008 मध्ये दिली.