कंपनी खरी, कागद खोटा: नासाचे दोन उपग्रह कसे बुडाले?

नकली पार्ट म्हटलं की आपल्याला डुप्लिकेट चार्जर आठवतो. स्पेलिंग चुकलेला ब्रँड, अर्धी किंमत, बिल नाही. आजच्या गोष्टीत यातलं काहीच नाही. कंपनी नावाजलेली, बिल पक्कं. खोटा होता तो मालासोबत आलेला टेस्टचा कागद.

२४ फेब्रुवारी २००९. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून टॉरस एक्सएल रॉकेट उडालं. आत होता ओसीओ, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा उपग्रह. उपग्रहाभोवती एक कवच असतं, त्याला फेअरिंग म्हणतात. दाट वातावरण ओलांडलं की ते गळून पडायला हवं. ते पडलंच नाही. त्या जादा वजनामुळे कक्षेत जाण्याइतका वेग मिळाला नाही आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात गेला.

चौकशी बसली. एकच एक कारण काही सापडलं नाही. मग संशय होता त्यातल्या काही गोष्टी बदलल्या, उदाहरणार्थ कवच दूर ढकलणारी गॅसची यंत्रणा. ४ मार्च २०११ ला त्याच जातीच्या रॉकेटवर ग्लोरी हा उपग्रह निघाला. पुन्हा कवच अडकलं, पुन्हा समुद्र. दोन्ही मिळून नुकसान ७० कोटी डॉलरच्या वर.

खरा घोळ होता फ्रँजिबल जॉइंटमध्ये. हा ॲल्युमिनियमचा सांधा कवच धरून ठेवतो आणि ठरलेल्या क्षणी आतल्या स्फोटकाच्या दाबाने तुटतो. म्हणजे इथे नुसता मजबूत धातू चालत नाही. तो किती ताणाला तुटतो, हा आकडा नेमका माहीत असावा लागतो. नासाच्या तपासानुसार हा सांधा पूर्ण तुटलाच नाही.

ते ॲल्युमिनियम ओरेगन राज्यातल्या सापा प्रोफाइल्स या कंपनीचं होतं. तिथे १९ वर्षं टेस्टचे निकाल बदलले जात होते. नापास आकडा खोडून पास आकडा लिहायचा. टेस्टिंग मशीन ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचं. नमुने नियमाबाहेर कापायचे. का? माल वेळेत गेला पाहिजे, बोनस मिळाला पाहिजे. कोडमधला बग तसाच ठेवून रिपोर्टमध्ये ‘पास’ टाइप करण्यासारखंच हे. २०१९ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४.६ कोटी डॉलर द्यायला तयार झाली. लॅबच्या सुपरवायझरला ३ वर्षांचा तुरुंगवास झाला.

आता विचार करा. ओसीओ पडल्यावर लगेच हे का कळलं नाही? रॉकेट समुद्राच्या तळाशी. हातात उरले ते कागद, आणि कागद सांगत होते की माल उत्तम आहे. खोटं सर्टिफिकेट असं दोनदा फसवतं: एकदा खरेदी करताना आणि एकदा अपघाताचं कारण शोधताना. ग्लोरी गेला तो या दुसऱ्या फसवणुकीमुळे.

म्हणून परचेसवाल्याने ‘सर्टिफिकेट आलं का?’ एवढंच विचारून भागत नाही. विमान-अवकाश उद्योगाचं एएस९१०० नावाचं क्वालिटी स्टँडर्ड आहे. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत नकली पार्ट रोखण्यासाठी वेगळं कलम आलं. शिवाय सप्लायरच्या टेस्ट रिपोर्टवर विसंबायचं असेल तर त्यातले आकडे तपासा, आणि जिथे कच्च्या मालात मोठी जोखीम आहे तिथे तो रिपोर्ट खरा आहे का याचीही खात्री करा, असंही त्यात आहे. साध्या भाषेत, अधूनमधून आलेल्या मालातला एक तुकडा कापा, तिसऱ्याच लॅबमध्ये पाठवा आणि आकडे जुळतात का बघा.

एका तुकड्याच्या टेस्टला खर्च येतो, दोन दिवस जातात, डेडलाइनवाले वैतागतात. पण ओसीओची जागा घेणारा ओसीओ-२ आकाशात जायला जुलै २०१४ उजाडलं. पृथ्वीची हवा मोजायची पाच वर्षं गेली, ती कुठल्याच दंडातून परत येत नाहीत.