हलके गाणे आणि रसिकांचा कौल : एका जुन्या वादाचा मागोवा

गोंदिया तालुक्यातील कामठा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस प्रामुख्याने जमीनदारीच्या निमित्ताने परिचित आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत येथे एक मोठी जमीनदारी नांदत होती. १८१८ साली तेथील चिमणा पटेल याने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो मोडला गेल्यावर जमीनदारी एका लोधी घराण्याकडे गेली. परंतु या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते भाषेच्या अभ्यासकाला अधिक मोलाचे वाटावे असे आहे. झाडीबोली, पोवारी, लोधी समाजाची बोली, गोंडी, छत्तीसगढी आणि बाजारातील हिंदी यांचा येथे नित्य संपर्क असतो. एकाच रात्री एकाच मांडवात बसलेल्या श्रोत्यांची घरची बोली एक असेलच, असे येथे गृहीत धरता येत नाही.

या प्रदेशात धान पिकते आणि धानाचे ‘हलके’ व ‘भारी’ असे प्रकार शेतकरी करतो. हलके धान लवकर निसवते, त्याला पाणी कमी लागते आणि ते घरात आधी येते. भारी धानाला अवधी अधिक लागतो. या वर्गीकरणात कमीपणाचा लवलेशही नाही. पण हाच ‘हलका’ शब्द माणसाला लावला, की त्याचा अर्थ ‘क्षुद्र’ असा होतो. आणि गाण्याला लावला, की तो या दोन अर्थांच्या मध्ये कोठेतरी डळमळत राहतो. गेल्या सव्वाशे वर्षांत मराठी रसिकांनी हलक्या गाण्याविषयी जे वाद घातले, त्यांतील पुष्कळसा गोंधळ या डळमळण्यातून निर्माण झाला आहे. कोणते गाणे नाटकात असावे, कोणते पुन्हा म्हणावयास लावावे, कोणते तबकडीवर यावे, या प्रश्नांवर भांडणारे पक्ष एकच शब्द वापरीत होते. तथापि त्यांच्या मनात वेगवेगळ्या गोष्टी होत्या. गाण्याचा हलकेपणा चालीत असू शकतो, शब्दांत असू शकतो, किंवा ज्या प्रसंगी ते म्हटले जाते त्या प्रसंगात असू शकतो. ही तीन अंगे वेगळी करून पाहिल्यास या वादाचा इतिहास पुष्कळ स्पष्ट होतो.

आरंभ खडीगंमतीपासून करणे सोयीचे होईल. भंडारा व गोंदिया या भागांत रुजलेला हा लोकनाट्यप्रकार उभ्याने सादर होतो, म्हणून ‘खडी’; आणि त्याच्या नावातच ‘गंमत’ आहे. ढोलकी, डफ आणि तुणतुणे यांच्या साथीने शाहीर गातात आणि स्त्रीवेषधारी नाच्या नाचतो. या परंपरेचा संबंध कलगी-तुऱ्याच्या संप्रदायांशी आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला. आणि सवाल-जवाबांत सृष्टीची उत्पत्ती, प्रकृती-पुरुष यांसारखे गहन विषय येतात. म्हणजे नाव गमतीचे आणि विषय तत्त्वज्ञानाचा. त्याच रंगणात शृंगारिक लावणीही येते आणि थट्टेची बतावणीही येते. श्रोता या साऱ्याला एकच ‘गंमत’ म्हणतो. हलके आणि भारी यांची वाटणी त्याने दोन स्वतंत्र दालनांत केलेली नाही; एकाच रात्रीच्या क्रमात त्याने दोहोंना जागा दिली आहे.

नागर रंगभूमीवर मात्र ही वाटणी लवकरच वादाचा विषय झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यातील पदांच्या पाठीशी साकी, दिंडी यांसारख्या परिचित रचना आणि कीर्तनातील गायनाचा संस्कार होता. प्रेक्षकाच्या कानाला हा साचा आधीच ठाऊक होता. नवी होती ती पात्राच्या तोंडची योजना. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८९६ साली, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आले. नागपुरात १८७१ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे वऱ्हाडात वकिली केलेल्या या नाटककाराने पारशी-उर्दू नाटकमंडळ्यांच्या धर्तीच्या चाली मराठी नाटकात आणल्या. त्या चाली चटकदार होत्या, ठेक्याच्या अंगाने चालणाऱ्या होत्या आणि किर्लोस्करी वळणापेक्षा सर्वस्वी निराळ्या होत्या. तरुण प्रेक्षकांना त्यांनी मोहिनी घातली. जुन्या वळणाच्या रसिकांना त्यांत उथळपणा दिसला.

या वादाकडे संगीताचे अभ्यासक चालींचा वाद म्हणून पाहतात. परंतु तो तितकाच भाषेचाही होता. साकी-दिंडीसारख्या मात्रावृत्तांत ऱ्हस्व-दीर्घांचा हिशेब शब्दांतच बांधलेला असतो आणि गायक त्या हिशेबाच्या आत विस्तार करतो. आयत्या चालीवर पद रचताना ही प्रक्रिया उलट होते. ठेका आधी येतो आणि शब्दाला त्याच्या मापाने वाकावे लागते. मराठीच्या नित्य उच्चारात ‘इ’ आणि ‘उ’ यांची लांबी बऱ्याच अंशी शब्दातील स्थानावरून ठरते. म्हणून घरगुती शब्द अशा चालीत सहज मुरतात. संस्कृत तत्सम शब्द, त्यातही लांब समास, आपले माप सहजासहजी सोडीत नाहीत. कोल्हटकरांचा ओढा कोटीकडे आणि कल्पनाचमत्कृतीकडे असल्याने त्यांची पदे क्लिष्ट झाली, हा आक्षेप त्यांच्या हयातीपासून घेतला गेला आहे. म्हणजे चाल हलकी आणि शब्द भारी, असा हा विलक्षण संयोग होता. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदाचा पाया घालणारा हा लेखक पदांत मात्र शब्दांचे ओझे उतरवू शकला नाही.

याच्या उलट उदाहरण गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदे’चे. १८९९ सालचे हे नाटक जरठ-कुमारी विवाहाच्या दुष्ट रूढीवर आहे. विषय त्याहून गंभीर असू शकत नाही. पण पदांची भाषा घरातल्या बोलण्याची आहे आणि चाली तोंडात बसणाऱ्या आहेत. येथे शब्द हलके, चाल हलकी आणि प्रसंग भारी आहे. ‘शारदे’तील पदे घरोघरी गेली, ती याच कारणाने. कोल्हटकर आणि देवल या दोघांनाही ‘सोप्या चालींचे’ म्हणून एकाच कप्प्यात टाकणारा रसिक वस्तुतः दोन भिन्न गोष्टींना एकच नाव देत होता.

पुढील टप्प्यावर वादाची सूत्रे प्रेक्षकांच्या हाती गेली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. गोविंदराव टेंब्यांनी त्यासाठी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांच्या वळणाच्या चाली योजिल्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार अधिक घेतला. यांतील कोणते नाटक ‘खरे’ संगीत नाटक, यावर बालगंधर्वांच्या चाहत्यांतही एकमत नव्हते. निवाडा होत असे तो ‘वन्स मोअर’ने. आवडलेले पद प्रेक्षक पुन्हा पुन्हा म्हणावयास लावीत. नाटक रात्रभर लांबे, आणि कथानक मागे पडते अशी तक्रार नाट्यसमीक्षक करीत. ही पद्धत कितीही दोषास्पद मानली, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते : कोणते पद टिकावे हे येथे लेखक ठरवीत नव्हता किंवा मंडळीचा मालकही ठरवीत नव्हता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभे राहिले. दोन्ही गायकांचे चाहते एका नाट्यगृहात समोरासमोर आले आणि रसिकांचे पक्ष किती दृढ झाले होते, हे त्या रात्रीने दाखविले.

‘वन्स मोअर’ची ही सत्ता तबकडीने हिरावून घेतली. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणास आरंभ केला आणि लवकरच मराठी नाट्यपदेही मेणावर उतरू लागली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगमंचावर पाव तास रंगणारे पद तीन मिनिटांत बसवावयाचे, म्हणजे आलाप-तानांचा विस्तार छाटून मुखडा, अंतरा आणि एखाददुसरी जागा ठेवावयाची. या छाटणीत प्रसंग तर नाहीसाच होतो. रुसलेली भामिनी नाही, तिच्यासमोरचा धैर्यधर नाही. उरते ती चाल आणि तिच्यावरचे शब्द. जे पद प्रसंगाच्या बळावर उभे होते ते तबकडीवर निस्तेज वाटले, आणि ज्याला नाटकात ‘हलके’ म्हणून बाजूस सारले गेले होते ते तबकडीवर उजळून निघू शकले. अमुक गायकाची कोणती तबकडी खरी आणि कोणती केवळ बाजारासाठी काढलेली, हा वाद येथून सुरू झाला. त्याचे मूळ रसिकांच्या अभिरुचीपेक्षा माध्यमाच्या मापात अधिक होते.

या मापाने पुढे एक स्वतंत्र प्रकारच घडविला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ व १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले आणि नाटकमंडळ्यांना उतरती कळा लागली. त्याच सुमारास विदर्भातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायिली. तिच्यापासून भावगीताच्या युगास प्रारंभ झाला, असे सामान्यतः मानले जाते. येथे गाण्यामागे नाटक नव्हते. तीन मिनिटे हीच त्याची पूर्ण मर्यादा होती. शास्त्रोक्त गायनाच्या अभिमान्यांनी भावगीताला हलके म्हटले. त्याचा प्रतिवाद भाषेने केला. आकाशवाणीच्या व्यवहारात ‘सुगम संगीत’ हा शब्द रूढ झाला आणि ‘हलके’ या शब्दातील कमीपणा गळून पडला. नाव बदलल्याने गाणे बदलले नाही. परंतु जे सुगम आहे ते क्षुद्र असलेच पाहिजे असे नाही, हे निदान उच्चारता आले.

हा अनुभव केवळ मराठीचा नव्हे. इंग्लंडमधील ‘द बीटल्स’ या गायकवृंदाच्या चाहत्यांत आजही अशाच प्रकारचा वाद चालतो. ऑगस्ट १९६६ मध्ये या वृंदाने एका लहान तबकडीच्या एका बाजूस ‘एलिनॉर रिग्बी’ हे एकाकीपणावरील गाणे दिले आणि दुसऱ्या बाजूस ‘यलो सबमरीन’ हे मुलांनाही म्हणता येईल असे गमतीचे गाणे. दोन्ही बाजूंस समान दर्जा होता आणि दोन्ही गाणी ‘रिव्हॉल्व्हर’ या त्याच वेळी निघालेल्या दीर्घ तबकडीतही होती. अशा गंभीर संचात हे खेळकर गाणे कशास, असे विचारणारे चाहते आहेत. आणि तेच गाणे त्या संचाचा श्वास आहे असे म्हणणारेही आहेत. १९६८ च्या जोड-तबकडीतील ‘ओब-ला-दी, ओब-ला-दा’ हे गाणे तर वृंदाने इंग्लंडात स्वतंत्र लहान तबकडीवर काढलेच नाही. ‘मार्मलेड’ या स्कॉटिश वृंदाने ते गायिले आणि १९६९ च्या जानेवारीत ते तेथील यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. निर्मात्यांनी वगळलेले हलके गाणे श्रोत्यांनी दुसऱ्या दाराने आत आणले. ‘वन्स मोअर’चाच हा दुसरा प्रकार होय.

आता पुन्हा झाडीपट्टीकडे वळता येईल. धान कापून घरात आले, दिवाळीची भाऊबीज झाली, की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटके लागतात आणि हा हंगाम होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या व्यवसायाचे मुख्य केंद्र आहे. या रंगभूमीवरील दीर्घ कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा तिच्याकडे इतर महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. नाटक रात्रभर चालते आणि गाणे रंगमंचावर प्रत्यक्ष गायिले जाते. गंभीर कौटुंबिक कथानकाच्या मधोमध लावणी किंवा चटकदार नृत्यगीत येते, आणि त्यावरूनच येथील जाणत्या रसिकांत मतभेद आहेत. काहींना ते नाटकाचा ऱ्हास वाटते. तर त्याशिवाय पहाटेपर्यंत मांडव भरलेला राहणार नाही, असे दुसरे म्हणतात.

उपर्युक्त तीन अंगांच्या कसोटीवर पाहता या वादात दोन्ही पक्षांचे काही अंशी बरोबर आहे. प्रसंगाशी संबंध नसलेले गाणे नाटकाला बाधक होते, हा आक्षेप योग्यच आहे. पण तो प्रसंगाविषयीचा आक्षेप आहे, चालीविषयीचा नव्हे. कामठ्यासारख्या बहुभाषिक परिसरात चालीचा हलकेपणा एक निराळे कार्य करतो. पोवारी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या श्रोत्याला मराठी संवादातील प्रत्येक वळण कळेलच असे नाही. ठेक्याची चाल मात्र त्याला तत्काळ कळते, आणि तिच्याबरोबर चार मराठी शब्दही त्याच्या तोंडी बसतात. पारशी-उर्दू चालींनी एके काळी उलट दिशेने हेच केले होते. भाषेची सीमा ओलांडताना सर्वांत आधी पलीकडे पोहोचते ते हलके गाणे.

म्हणूनच लोकगीतांच्या आणि नाट्यपदांच्या संकलनात एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. अभ्यासक आपल्या वहीत सवाल-जवाबांची तात्त्विक पदे उतरवून घेईल आणि बतावणीतील थट्टेचे कवन ‘हलके’ म्हणून सोडून देईल, तर तो तबकडीच्या व्यापाऱ्याहून अधिक कठोर निवड करील. कारण व्यापाऱ्याला निदान श्रोत्यांचा कौल घ्यावा लागत होता. सोडून दिलेल्या त्या कवनातच बोलींचा संपर्क, उसन्या शब्दांचे प्रवेश आणि उच्चारांची शिथिलता यांचे पुरावे असण्याचा संभव सर्वाधिक आहे. ते गाणाऱ्या पिढीबरोबर गेले, तर पुन्हा हाती येणार नाहीत. झाडीतला शेतकरी हलके आणि भारी अशी दोन्ही धाने पेरतो, आणि हलके आधी कापतो. कारण ते आधी पिकते आणि शेतात राहिले तर आधी गळते.